कल्हई केलेलं घंगाळ आणि हरवलेला हिरवा रंग: कऱ्हाटी ते इंदापूर

माझी नात ऋतुजा गावोगाव फिरते आणि घरी आली की मोबाईलवर लिहिते. लोक वाचतात म्हणे. किल्ले झाले, समुद्र झाला, बर्फसुद्धा झाला तिचा. मी इंदापूरहून परत आले आणि जेवताना तिथला गोंधळ सांगायला लागले, तर म्हणाली, "आजी, हे तूच लिही." मी म्हटलं, चौथीतून शाळा सोडलेल्या बाईचं कोण वाचतंय? तर म्हणे, "म्हणूनच वाचतील." चार शिव्या घातल्या आणि लिहायला बसले. ऱ्हस्व-दीर्घ तिनं बघितलं आहे. चुका राहिल्या असतील तर तिच्या कानात सांगा, माझ्या नको.

तर इंदापूर. कऱ्हाटीहून इंदापूरला जायला कुणी सामान बांधून हौसेनं निघत नाही. मीही हौसेनं निघाले नव्हते. माझी लेक मंगल तिथं दिली आहे. तिचा फोन आला. मंगल फोनवर कधी रडत नाही, कारण रडलं की मी फोन ठेवते हे तिला ठाऊक आहे. त्या दिवशी रडली.

"आई, हिरवा येईना. काही केल्या येईना. नुसता पिवळा येतोय."

मंगल डाळिंबाच्या सालीत शाली रंगवते. इंदापुराकडं डाळिंबाला तोटा नाही, आणि दाणे काढून विकणाऱ्यांकडं सालींचा ढीग पडतो. ती साली वाळवते, उकळते, त्यात तुरटी टाकते आणि लोकरीच्या पातळ शाली बुडवते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडलेली आहे. उकळायला भांडं कुठलं, तर लग्नात मी दिलेलं तांब्याचं घंगाळ. आंघोळीच्या पाण्याला दिलं होतं, तिनं रंगाला लावलं. त्यातून जो रंग निघायचा तो शेवाळी हिरवा. विहिरीच्या आतल्या दगडावर असतो ना, तसा. पुण्याच्या एका दुकानवाल्या बाईंना तो आवडला. नमुन्याची एक शाल घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, अशाच हव्या, मी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी न्यायला येते.

आणि तेव्हापासून हिरवा गेला तो गेलाच. साली त्याच, तुरटी तीच, हात तोच, आणि शाल निघते हळदीसारखी पिवळी. मंगलच्या सासूनं सांगून टाकलं होतं, गुरुवारी बाई रिकाम्या हातानं गेल्या तर शेड मोकळी करायची. पशुखाद्याच्या दुकानवाल्याला गोदाम पाहिजेच होतं. मंगलनं पुन्हा द्राक्षाच्या पॅकिंगला जायचं, दिवसभर उभं राहून पेट्या भरायच्या. आधी सहा वर्षं तेच केलं होतं तिनं. पायांच्या शिरा बघा तिच्या, म्हणजे कळेल.

मी म्हटलं, येते.

ऋतुजानं निघताना मला एक तांब्याची बाटली दिली. "आजी, तांब्यातलं पाणी तब्येतीला चांगलं." आम्ही लहानपणापासून तांब्यातलंच पाणी प्यालो, पण त्याला बूच बसवलं की ते तब्येतीचं होतं, असं दिसतं.

कऱ्हाटीहून सकाळच्या एसटीनं बारामती. बायकांना अर्धं तिकीट आहे, हे वाचणाऱ्या बायकांनी लक्षात ठेवा. कंडक्टर पोरगेला होता.

"आज्जी, पंच्याहत्तर झाली असतील तर फुकाट हाय की!"

"न्हाय झाली. दोन वरसं हायती."

"कार्डावर बघू का?"

"बघ. आन् कमी निघाली तर आर्ध्यातलं आर्धं देशील का?"

मागच्या बायका हसल्या. त्यानं मुकाट अर्धं फाडलं.

बारामतीचं स्टँड आता ओळखू येत नाही, इतकं मोठं केलंय. कुठल्या फलाटाला कुठली गाडी हे पाट्यांवर लिहिलंय, पण पाट्या इतक्या उंच की मान दुखते. सरळ चौकशीच्या खिडकीत विचारा. गाडीला वेळ होता म्हणून कॅन्टीनला गेले. प्रवासात मला दुधाचा चहा सोसत नाही, म्हणून कोरा सांगितला, लिंबू पिळून. तो हातात आला आणि इंदापूर गाडी लागली. टाकून देण्याची सवय नाही. बाटलीतलं पाणी झाडाला घातलं, चहा बाटलीत ओतला, बूच लावलं आणि पळाले. या वयात मी पळते म्हणजे कशी पळत असेन ते तुम्हीच बघा.

रस्ता आता रुंद झालाय. काटेवाडी, भवानीनगर, दोन्ही बाजूला ऊस, मधूनच केळी. कारखान्याजवळ आलं की काचा बंद असल्या तरी मळीचा वास आत येतोच. शेजारी लासुर्ण्याची एक बाई बसली होती, मांडीवर कोंबडी घेऊन. भवानीनगर मागं पडलं आणि मी चहाचा घोट घेतला. कडू! जिभेवर पैसा ठेवल्यासारखा. तोंड धरून खिडकीतून थुंकले.

"काय झालं वो मावशी?"

"कळकला."

"काय कळकला?"

"च्या."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "ताक कळकतं. चिंचंचं सार कळकतं. च्या कधी कळकतो व्हय?"

"माझा कळकला."

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, नसली, आणि त्यात आंबट काही ठेवलं, की ते हिरवट, कडू होऊन बसतं. त्याला आमच्याकडं कळकलं म्हणतात. कळकलेलं खाल्लं की पोट ढवळतं, उलटी होते. म्हणून आमच्या पिढीत कल्हईवाला दारात आला की जावई आल्यासारखी धावपळ व्हायची. बिनकल्हईचं भांडं ज्या घरात, ती बाई आळशी, असा हिशेब. आणि तुम्ही ऋतुजासारखी बाटली घेऊन फिरत असाल तर तीत साधं पाणीच भरा. चहा नको, सरबत नको. लासुर्णे आलं तरी तोंडातली कडू चव जाईना. मला वाटलं चहा लिंबानं कळकला. पण लिंबू होतं किती, अर्धी फोड.

निमगाव केतकीला गाडी थांबते. तिथं पानमळे आहेत. एक बाई टोपलीत ओल्या फडक्यात पानं घेऊन चढली, तिच्याकडून गड्डी घेतली. चुना-काताची डबी माझ्याकडं असतेच. पान खाल्लं तेव्हा तोंडाची चव जागेवर आली. निमगावातून जात असाल तर पान घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. इंदापुरात तेच पान मिळतं, पण कोमेजलेलं.

इंदापूर स्टँडवरून सहा आसनी रिक्षा मिळते. सहा आसनी म्हणतात, बसवतात दहा. मंगलचं घर गावाबाहेर, धरणाच्या अंगाला. जावई टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातून चार दिवस घरी. एरवी घरात मंगल आणि तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, कौसाबाई. बाई मला भारी वाटतात. मनात आलेलं तोंडावर बोलतात, मीही बोलते, त्यामुळं आमच्यात कधी काही साचत नाही. म्हणजे असं मला वाटत होतं.

दारातच म्हणाल्या, "या. लेकीनं रडून बोलावलं वाटतं?"

"न्हाय वो. तुमच्या हातचं कालवण खायाला आले."

कालवण खरंच चांगलं होतं. धरणातल्या चिलापी माशाचं, वर बाजरीची भाकरी. जेवण झालं तसा मंगलनं माझा हात धरला आणि शेडमध्ये नेलं. मागोमाग विहीणबाई आल्या. पुढं होऊन त्यांनीच घंगाळ उन्हात ओढलं.

"बघा. तुमचं घंगाळ."

आतून चांदीसारखं लखलखत होतं. तोंड दिसावं असं. मागच्या खेपेला आले होते तेव्हा त्यात हिरवी पुटं होती, आणि चार पाव्हण्यांसमोर मी म्हटलं होतं, "माझ्या लेकीला दिलेलं घंगाळ कसं कळकवलंय, हात लावूशी वाटंना." मंगल दिवाळीला माझ्याकडं आली, तेवढ्यात विहीणबाईंनी कल्हईवाला शोधून आणला होता. हल्ली कल्हईवाले मिळतात कुठं? बारामतीहून बोलावला होता.

"आता काय म्हणताय?" विहीणबाई म्हणाल्या.

"आता कसं, बाईमाणसाचं भांडं वाटतंय," मी म्हटलं. मला बरं वाटलं. बोललेलं वाया गेलं नाही याचं बरं वाटणारच.

दुपारी मंगलनं माझ्यासमोर सगळं केलं. साली उकळल्या, पाणी गाळलं, परत घंगाळात ओतलं, तुरटी टाकली, शाल बुडवली. मी कोयता घेऊन राखणीला बसलेल्या माणसासारखी नजर ठेवून होते. कुठं चुकते ते बघायला. कुठंच चुकली नाही. शाल काढली तर पिवळीधमक. सुरेख पिवळी, खोटं कशाला बोलू. पण हिरवी नाही. नमुन्यातली कातरलेली चिंधी मंगलकडं होती. ती शेजारी धरली तर कुठं इंदापूर, कुठं काश्मीर.

मग आमचं सुरू झालं. मी म्हटलं, पाणी बदललंय. विहीणबाई म्हणाल्या, बोअर तोच हाय. मी म्हटलं, बोअरचं पाणी उन्हाळ्यात जड होतं. त्या म्हणाल्या, आता कुठं उन्हाळा? मंगल म्हणाली, सालींची जात वेगळी असेल. विहीणबाईंनी शेजारच्या बागेतून दुसऱ्या जातीच्या साली आणवल्या. परत उकळलं. परत पिवळा. मी म्हटलं, तुरटी भेसळीची असेल. तुरटी न टाकता केलं. फिका पिवळा. लाकूड बदललं, धूर बदलला. बाभळीऐवजी कडुलिंबाचा जाळ केला, त्यानं तर डोळेच गेले. मला काही म्हणता काही कळेना. दिवसभर चुलीपुढं बसले आणि सकाळपेक्षा जास्त गोंधळून उठले.

शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "पोरीचा हात बदललाय. दुसरं काय न्हाय. मन लागत न्हाय तिचं."

"मन लागत न्हाय म्हणून रंग पिवळा येतो व्हय? मग तुमच्या हातानं बुडवा की."

"बुडवते," म्हणाल्या, आणि खरंच बुडवली. त्यांच्याही हाताला पिवळाच आला. मंगल हसली नाही. मी हसले. त्यांनी रागानं ती शाल तशीच घंगाळाच्या काठावर टाकली आणि आत निघून गेल्या. मंगलनं जाळ विझवला. शेड मोकळी करायची म्हणून तिनं एक कोपरा आधीच झाडून ठेवला होता, तो मी बघून न बघितल्यासारखं केलं.

सकाळी मंगल शेडमधून ओरडली. "आता हे काय नवीन!"

रात्रभर काठावर पडलेल्या शालीवर आडवा पट्टा उमटला होता. बोटभर रुंद. विहीणबाई म्हणाल्या, "झालं. पिवळीसुदिक डागाळली. टाका आता पोत्यात."

मी पट्टा उजेडात धरला. मंगलला नमुन्याची चिंधी काढायला लावली. शेजारी ठेवली. पट्टा आणि चिंधी, दोन्ही एकच. शेवाळी.

"हा आला की हिरवा," मी म्हटलं.

"डाग हाय तो," विहीणबाई.

"डाग हाय, पर हिरवा हाय. कुठनं आला?"

काठावरून आला. मी काठाला बोट लावलं. कल्हईवाला आत कल्हई करतो, बाहेर वळलेल्या काठाला कोण करतंय? काठ तांब्याचा तांबडाच होता, आणि शाल जिथं त्याला लागली होती तिथं तेवढंच हिरवं. मला एकदम तो बसमधला चहा आठवला. का आठवला, विचारू नका. चहाही तुरट, साली पण तुरट, आणि दोन्हीकडं तांबं. पण चहा तर हिरवा झाला नव्हता, नुसता कडू झाला होता. मग? डोक्यात दोन टोकं आली होती, गाठ बसत नव्हती.

मी माझी बाटली विसळली. त्यात सालीचं गरम पाणी भरलं, शालीच्या दशांचा एक गोंडा कातरून आत टाकला आणि बूच लावलं.

"आता ह्या बाटलीत शाल रंगवणार व्हय तुमी?" विहीणबाई म्हणाल्या.

"बघू तर. तुमाला कुठं जायाचंय?"

तेवढ्यात मंगलनं गावात जायचं काढलं. बाजाराच्या बाजूला इक्बालभाईंचं खत-औषधांचं दुकान आहे. त्यांचे आजोबापण तिथंच बसायचे. मंगल म्हणाली, इक्बालभाईंना फवारणीच्या औषधांचं सगळं कळतं, विचारून तर बघू. मी पट्ट्याची शाल घेतली आणि आम्ही दोघी गेलो.

इक्बालभाईंनी शाल बघितली, हसले. "मावशी, डाळिंबाची सालं आन् तांबं. रंग हिरवा येणारच. सालीत टॅनिन आसतंय."

"ते काय आसतंय?"

"जे खाल्लं की तोंड आवळतं ना, जिभंला ओढ बसती, ते. सालीत आसतंय, बाभळीच्या सालीत आसतंय, हिरड्यात आसतंय. चहात आसतंय. तुमच्या पानातल्या कातातबी आसतंय."

"मग मी रोज खाती की ते."

"खावा की. पर त्याला तांबं भेटलं की ते तांब्याला धरून बसतंय. सोडतच न्हाय. दोघांचं मिळून येगळंच काईतरी होतंय, रंगबी येगळा. म्हणून मी डाळिंबवाल्यांना सांगत आसतोय, बोर्डोचं औषध फवारताना त्यात कुठला झाडपाल्याचा अर्क मिसळू नका. बोर्डोत मोरचूद आसतंय, म्हंजे तांबंच. आर्कातलं टॅनिन ते धरतंय, गाळ होतो, पंपाची नळी बंद, आन् रोगाला औषध पोचतच न्हाय. मग माज्या नावानं बोंबा."

मला समजलं आणि नाही समजलं. विचारलं, "आन् पोटात तांब्यातलं पाणी गेलं, वरनं च्या घेतला, तर पोटात धरतंय का?"

इक्बालभाई थांबले. "मावशी, मी खत इकतोय. पोटाचं डॉक्टरला इचारा."

त्यांनी मोरचुदाची पुडी पुढं सारली. निळीशार. "चिमूटभर पिवळ्या पाण्यात टाका. लगेच हिरवा. एवढ्याला रडताय व्हय?"

मंगलनं पुडीला हातसुद्धा लावला नाही. "न्हाय भाई. पुण्याच्या बाईंनी सांगितलंय, केमिकल नको. पुडीतलं काय घातलं तर घेणार न्हाय."

"आगं, भांड्यातनं येतं तेबी तांबं, ह्यातबी तांबं!"

"त्यांना भांड्यातलं चालतं. पुडीतलं न्हाय चालत."

इक्बालभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. हे त्यांनाही कळलं नाही, मलाही नाही. तेच तांबं भांड्यात असलं तर नैसर्गिक आणि कागदात बांधलं की केमिकल. वाचणाऱ्यांपैकी कुणाला कळलं तर ऋतुजाला सांगा. मी विचार करायचं सोडून दिलंय.

घरी आलो, जेवलो. बाटली उघडली. गोंडा चिमट्यानं बाहेर काढला, बादलीत खळबळला आणि पिळला.

हिरवा.

मंगलनं गोंडा हातात घेतला आणि खालीच बसली. विहीणबाई दारात उभ्या होत्या. मी घंगाळाकडं बघितलं. आतून चांदीसारखं लखलखत होतं, तोंड दिसावं असं. आत सगळीकडं कल्हई. तांबं कुठं राहिलंय सालीला भेटायला? इतके दिवस ते पुढ्यातच होतं. मीच तर कौतुक केलं होतं.

"विहीणबाई," मी म्हटलं, "कल्हई काढावी लागती."

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग तोंड असं झालं की काही बोलायची माझी हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत तशी कमी नाही.

"कल्हईवाला दारात यायला मी चार वेळा फोन केला," त्या म्हणाल्या. "चार पाव्हण्यांसमोर म्हणला व्हता तुमी, कळकवलंय. त्यातलं एकजण अजून मला इचारतंय, घंगाळाचं काय झालं. तुमच्या तोंडापायी केली मी ती कल्हई."

भांडं कळकू न देणं एवढं तर आम्हाला आईनं शिकवलं. भांडं कळकलं तरच कुणाच्या लेकीचा रंग येतो, हे आईच्या आईलाही ठाऊक नव्हतं. मला राग कुणाचा यावा तेच समजेना. चूक असेल तर ती नीट वागण्याचीच चूक.

मंगल म्हणाली, "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या. मी पिवळ्याच देते. घेतल्या तर घेतल्या."

विहीणबाई दारातून वळल्या. मला वाटलं आत जाऊन दार लावतील. त्या परसात गेल्या आणि एक फुटकी वीट घेऊन आल्या. वरवंट्यानं ठेचून भुगा केला. काथ्याचा बुचका घेतला, घंगाळात हात घातला आणि घासायला लागल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बसलाय काय? दुसऱ्या बाजूनं घासा. घंगाळ तुमचंबी हाय."

आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या घंगाळाच्या दोन बाजूंनी बसलो. नवीन कल्हई काढणं म्हणजे काय ते ज्यानं काढलीय त्यालाच कळेल. चांगली कल्हई निघत नाही, म्हणून तर ती चांगली. मध्येच त्या म्हणाल्या, "कल्हईवाला लबाड आसता तर बरं झालं आसतं." मी म्हटलं, "तुमी माणसं चांगली निवडता हीच खोड हाय." त्यावर पहिल्यांदा हसल्या. संध्याकाळ होईपर्यंत तळ तांबडा दिसायला लागला. बाजूंना पांढरे चट्टे राहिले, पण तळ तांबडा.

नुसतं तांबडं करून भागणार नव्हतं. पूर्वीचा हिरवा जोरात यायचा, कारण घंगाळ आतून कळकलेलं असायचं. म्हणून मी जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. आंबट ताक आतून चोळलं आणि तसंच ठेवलं. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. "कुणाला सांगू नका," म्हणाल्या. मी तर सगळ्या जगाला सांगत बसलेय.

सकाळी घंगाळाला आतून पोपटी पूट आलं होतं. मंगलनं ताक ओतून दिलं, वरवर पाणी मारलं, सालीचं पाणी चढवलं. शाल बुडवली. काडीनं हलवत राहिली. आम्ही दोघी चुलीच्या दोन बाजूंना. विहीणबाईंनी माझ्याकडून पान मागून घेतलं.

काडीवर शाल वर आली. आधी पिवळीच दिसली. मंगलचा हात थांबला. मग पाणी निथळलं आणि उजेडात धरली तशी पिवळ्याच्या आतून हिरवा वर आला, सावकाश, ओल्या भिंतीवर येतो तसा. मंगलनं चिंधी धरली. चिंधीपेक्षा थोडा गडद. पण तोच.

"आला," विहीणबाई म्हणाल्या. "पोरीचा हात काय बदलला नव्हता." एवढंच. पण ज्या तोंडानं आधी बोलल्या होत्या त्याच तोंडानं बोलल्या, मंगलला पुरलं.

मग दोन दिवस शेडमध्ये शालीच शाली वाळत होत्या. गुरुवारी पुण्याच्या बाई आल्या. मोठा गॉगल, पण माणूस बरी. म्हणाल्या, "नमुन्यापेक्षा गडद आहे." मंगलनं शाल उलगडून त्यांच्या हातात दिली. बाईंनी शाल गालाला लावली, वास घेतला. "केमिकल नाही ना?"

मंगल म्हणाली, "तांब्याच्या भांड्यात उकळते मॅडम. तांबं उतरतं त्यात. पुडी न्हाय."

"तांब्याचं भांडं! वा, हे तर आमच्या पिशवीवर छापता येईल," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या शाली घेऊन गेल्या. जाताना पुढच्या महिन्याचंही सांगून गेल्या. पशुखाद्यवाल्याचा फोन आला तेव्हा विहीणबाईंनी उचलला. "शेड न्हाय मिळायची. शेडमदी काम चालतंय," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

मी निघाले तेव्हा मंगलनं घंगाळावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: कल्हई करू नये.

परतीच्या गाडीत मी साधं पाणी प्याले, स्टीलच्या बाटलीतून. मंगलनं दिली. तांब्याची बाटली तिच्याकडंच ठेवली. नमुने करायला तिला उपयोगी पडते. ऋतुजाला सांगितलं तर म्हणाली, "आजी, ती महाग होती!" मी म्हटलं, तांब्याचा गुण तुला पाहिजे होता, तो आता शालींना लागतोय.

इंदापूरला जाणाऱ्यांसाठी: सकाळची गाडी पकडा, निमगावला पान घ्या, धरणाची चिलापी खा, आणि कुणाच्या घरचं भांडं बघून तोंड उघडायच्या आधी ते कशासाठी आहे ते विचारा. मी विचारत नाही, पण तुम्ही विचारा.

मला अजून कळलं नाही की चहा कडू का आणि शाल हिरवी का. जे तांबं पाण्यात चांगलं ते ताकात वाईट, ताकात वाईट ते लोकरीत देखणं. इक्बालभाई म्हणाले टॅनिन धरून बसतं. धरून बसतं एवढं मी समजले. आमच्या विहीणबाईपण चार पाव्हण्यांसमोरचं बोलणं तसंच धरून बसल्या होत्या, आणि त्याचाही रंग उमटलाच की.

ती पट्ट्याची पिवळी शाल मंगलनं मलाच दिली. विकायला चालणार नव्हती. थंडीत मी ती घेऊन ओट्यावर बसते. येणारी-जाणारी विचारतात, "आज्जी, शालीला हा डाग कसला हो?"

मी म्हणते, "डाग न्हाय. कळकलीय."

"शाल कधी कळकती व्हय?"

"चांगली असली तर कळकती," मी म्हणते.